कुसुमच्या दारापासून किती पावलं

ता. ४ मे १९३४, शुक्रवार. वलगाव
अकोल्याहून जावयांचं पत्र. कुसुमचा आठवा सरला. पाय सुजलेत. नर्सबाई म्हणतात, प्रवास बिलकुल नको. म्हणजे पहिलं बाळंतपण माहेरी नाही. पोरगी सारखी आईचं नाव घेते, असं लिहिलंय. खाली विहीणबाईंनी सांगून लिहवलेल्या दोन ओळी: आईनं जरूर यावं, पण घरात उतरता येणार नाही. घरात लहान लेकरं आहेत.

सौ.च्या खोकल्याची बातमी तिथवर पोचली म्हणायची. होळीनंतर अमरावतीच्या डॉक्टरांनी छाती तपासली, ‘डाव्या बाजूला डाग आहे’ म्हणाले. मोकळी हवा, वेगळी भांडी, वेगळं अंथरूण. घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं.

पत्र वाचून दाखवलं, त्या दोन ओळी गाळून. सौ.ला वाचता येत नाही. तिनं कागद हातात घेतला, पाहिला. “हे खालचं काहून नाई वाचलं तुमी?”
मग वाचलं. ऐकून उठली. जुनं लुगडं काढून दुपट्यांसाठी फाडायला बसली.

ता. ६, रविवार
सगळ्या वाटा विचार करून झाल्या. एकटा जाऊ? शाळेला सुटी आहे, पण मी जाऊन काय करणार. तिला पाठवू? उतरेल कुठं? धर्मशाळेत खोकला ऐकला की...

नामदेव भाजी उतरवून अमरावतीहून परतला. धाकटा भाऊ, लॉरी त्याचीच. उन्हात भाजी कमी, आठ आठ दिवस गाडी उभीच असते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “वैनी, त्यायच्या घरात उतरू नोका. आपन आपलं घरच घेऊन जाऊ.”
मला वाटलं थट्टा. तो तर संध्याकाळी सुताराला घेऊनच आला.

ता. ८, मंगळवार
लॉरीला फळ्यांच्या भिंती, वर पत्र्याचा टप. एक खाट बसवली, एक खिडकी, तिला वाळ्याचा पडदा. शेगडी, रांजण. मी आणि नामदेव बाहेर झोपणार. सौ. आत चढून बसली, खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. बऱ्याच दिवसांनी हसली.
मला मात्र एकच घोर. चाकं आहेत, घर आहे, पण उभं कुठं करायचं? अकोल्यात मे महिन्यात माणूस भाजून निघतो. विहिरी खाऱ्या. गोडं पाणी पाहून जागा धरावी, की सावली, की कुसुमचं दार?

ता. ९, बुधवार. अकोला
तांबडं फुटायच्या आत निघालो. मूर्तिजापूरला इंजिनातलं पाणी उकळलं, लिंबाखाली तासभर थांबलो. दुपारी अकोला. वारा नव्हे, भट्टीचं तोंड.
आधी मोर्णेच्या काठी गाडी लावली. कुसुमचं घर इथून जवळ. पण पात्र कोरडं, वाळू तापलेली, झाडाचं नाव नाही. आत खाटेचा लोखंडी कोपरा हाताला चटका देत होता. सौ.चे ओठ पांढरे. तिला विचारलं तर म्हणे, “बरं हाये.” तिचं ‘बरं’ मला चोवीस वर्षं ठाऊक आहे.

ता. १०, गुरुवार
कुसुमला भेटून आलो. तोंडावरही सूज. “आई कुठी हाय?” म्हटलं, आहे जवळच. विहीणबाईंनी पाट दिला, सरबत दिलं, गाडीबद्दल अक्षर नाही.
जावई कापसाच्या जिनमध्ये वजनकाटा पाहतात. भला माणूस, आईपुढे मात्र मुका. मालकाला विचारून त्यांनी जिनच्या आवारात जागा मिळवली. पत्र्याची मोठी सावली. संध्याकाळी गाडी तिथं नेली.

ता. ११, शुक्रवार
जागा चुकली. हंगाम संपलाय, पण कोपऱ्याकोपऱ्यात रुई. वारा सुटला की बारीक तंतू उडतात. सौ. सकाळपासून खोकते आहे, थांबायचं नाव नाही. चूल पेटवायला बंदी, ते बरोबरच आहे. विहिरीचं पाणी असं की चहा नासतो.
मी कसा नाही विचार केला? सावली दिसली की धावलो.

ता. १३, रविवार
शहराबाहेर दोन मैलांवर फुलमळा सापडला. मालकीण राधाबाई, म्हातारी माळीण, मोगरा पिकवते. आमची भाषा, आमची जात. मी लपवलं नाही, खोकल्याचं सांगूनच टाकलं. ती म्हणाली, “माह्या झाडाखाली उभं राहाले रोग काय इचारून येते? लावा गाडी. पानी मीच काढून देत जाईन, पोहऱ्याले हात नोका लावू.”
आंब्याची सावली, गोडं पाणी. सौ. दुपारी चार तास सलग झोपली. खोकला निम्म्यावर.
पण तिनं उठल्याबरोबर विचारलं, “कुसुम कोन्या बाजूले?” मी हात केला. त्या बाजूला तोंड करून बसली.

ता. १५, मंगळवार
सकाळी दहाला कुसुमला कळा. जावई सायकलवर निघाले, वाटेत चाक बसलं, पायी पळत आले. आम्ही पोचेपर्यंत बारा. कळा खोट्या होत्या, थांबल्या होत्या. पण ते दोन तास पोरगी आईला हाका मारत होती, हे शेजारणीनं आम्हाला दारातच सांगितलं. सौ. गाडीतून उतरलीच नाही. आत कशी जाणार? खिडकीतून दाराकडे पाहत राहिली.

परत मळ्याकडे निघालो तर म्हणाली, “थांबवा.”
म्हटलं, इथं गल्लीत सावली नाही.
“मले का हवा खायाले आनलं? लेकीची हाक ऐकू आली पाह्यजे. बाकी मले काई नको.”
डॉक्टरांचं सांगून पाहिलं. ऐकेना. नामदेव माझ्याकडे पाहू लागला. मी खूण केली. त्यानं गाडी वळवली, गल्लीत, घराच्या समोर.
कुसुमच्या दारापासून चौदा पावलं. चालून मोजली.

ता. १६, बुधवार
सकाळी कुसुम ओट्यावर येऊन बसली, आई खिडकीत. मधे गल्ली. काय बोलल्या म्हणाल तर काही नाही. कैरीचं लोणचं घातलं का, शेजारच्या गाईला काय झालं. तासभर.
अकराला ऊन आलं आणि गाडी तापली. वाळ्याच्या पडद्यावर मी आणि नामदेव पाणी मारतोय, पाच मिनिटांत कोरडा. गल्लीतले दोघं येऊन म्हणाले, “मास्तर, लेकराबाळाची गल्ली हाये, गाडी हलवा.” हात जोडले. संध्याकाळपर्यंत म्हणालो. उद्याचं काय सांगू?
तिसऱ्या प्रहरी सौ.ला ताप.

ता. १७, गुरुवार
विहीणबाई बाहेर आल्या. हातात पाण्याची बादली. वाटलं, आता बोलणार. त्यांनी गोणपाट ओलं केलं, टपावर टाकायला नामदेवाला दिलं, मग खिडकीपासून चार हात दूर उभ्या राहिल्या.
“ईनबाई, माही थोरली याच खोकल्यानं गेली. सोळाची होती. मी तिच्याजवळ झोपत होती, अन् मंग धाकटाबी गेला. आत येऊ देनार नाई तुमाले. राग धरा, काई करा.”
सौ. म्हणाली, “मीबी येनार नाई.”
“पन इथं मरूबी देनार नाई.” आणि गल्लीतल्या त्या दोघांच्या दारात जाऊन काय बोलल्या कुणास ठाऊक. पुन्हा कुणी आलं नाही.
चार वेळा बादली आणली आज. मी त्यांच्याविषयी घरी काय काय बोललो होतो, ते आठवून...

ता. १९, शनिवार
पहाटेपासून कळा. खऱ्या. नर्सबाई सातला आल्या. प्रत्येक हाकेला सौ. खिडकीतून ओ देत होती. “हाये वो माय, इथंच हाये.” आवाज बसला, खोकला येई, तोंडावर पदर दाबी, पुन्हा ओ. मी गल्लीत येरझारा. नामदेव टपावरच्या गोणपाटावर पाणी मारतोय.
साडेअकरा. मुलगी. दोघी सुखरूप.

विहीणबाईंनी बाळ दुपट्यात गुंडाळून दारात आणलं. ओटा उतरल्या. गल्लीच्या मध्यावर थांबल्या, बाळ उंच धरलं. सौ.नं आधी पाहिलं, मग लगेच मान फिरवली, भिंतीकडे. वाऱ्याची दिशा तिच्याकडून बाळाकडं होती.
“पाह्यलं,” म्हणाली. “आत न्या. ऊन लागंन.”

ता. २१, सोमवार
ताप उतरत नाही. आज सकाळी थुंकीत रक्त. पहिल्यांदाच. तिनं फडकं उशीखाली लपवलं होतं, मी अंथरूण झटकताना सापडलं.
इथल्या डॉक्टरांना आणलं. त्यांनी मला बाजूला घेतलं. “आजच सावलीत हलवा. या पत्र्याखाली आणखी आठवडा काढला तर मला बोलवू नका.”
बारसं ३१ला. सौ.चं म्हणणं एकच, नाव ठेवलेलं कानानं ऐकून जाईन.
कुसुमला रक्ताचं सांगितलेलं नाही. विहीणबाईंना सांगितलं. हातातली बादली खाली ठेवून म्हणाल्या, “मास्तर, तुमी म्हनसान तर बारसं उद्याच करू. लोकं हसतीन, हसू द्या.”
हे सौ.ला कसं सांगू? लवकर का, असं विचारेल. विचारणारही नाही कदाचित, तेच वाईट.

ता. २२, मंगळवार
मळ्यात जाऊन आलो. राधाबाईनं आंब्याखालची जागा झाडून ठेवली आहे. म्हणे, केव्हाही या. बारसं लवकर उरकायचं सौ.ला अजून सांगितलेलं नाही.
परत आलो तर कुसुम, तिसराच दिवस, भिंत धरून दारापर्यंत आलेली. विहीणबाई मागून ओरडत होत्या. पोरीनं उंबरठ्यावर बसून आईला विचारलं, “आई, नाव कोनतं ठेवू?”
सौ.नं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि खोकला आला. थांबेपर्यंत कुसुम वाट पाहत राहिली. मग सौ. म्हणाली, “सांगतो. इचार करू दे.”
दुपारचे दोन झालेत. नामदेव इंजिनात पाणी भरून तयार आहे. मळ्याकडे निघायचं की नाव ठेवेपर्यंत थांबायचं, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. आत सौ. डोळे मिटून पडली आहे, ओठ हलताहेत. एकेक नाव म्हणून पाहते आहे.