एक किलो पोह्यांचा भाव

प्रिय सुमन,

आज दुकानात तुझा हिशेब मी केला, आणि बरोबर आला! हे तुला नाही सांगायचं तर कुणाला? म्हणून बसलो लिहायला.

आठवतं का गं, निपाणीच्या बाजारात तू शेंगदाण्यांचं पाकीट उलटंपालटं करून बघायचीस. "अवो, पाव किलोला चाळीस म्हंजे किलोला एकशेसाठ झालं की! सुटे दीडशेनं हाईत." दुकानदार हसायचा आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी आपला बाहेर स्कूटरजवळ जाऊन उभा. जणू ही बाई कोण, मी ओळखतही नाही!

ऑफिसात मी आयुष्यभर आकडेमोड केली, पण तोंडी हिशेब तुझाच. हे तुला एकदा तरी म्हणायला हवं होतं. लई चुकलं माझं.

आता मागच्या महिन्यातली गंमत ऐक. पोह्यांचं अर्ध्या किलोचं पाकीट अडतीसला, किलोचं सत्तरला. तुझ्या शिकवणीप्रमाणं मोठं उचललं. पण एकटा माणूस किती खाणार? निम्म्याला किडे लागले, टाकून दिले. म्हणजे पोटात गेलेले पोहे किलोला एकशेचाळीसनं पडले! हा भागाकार तू मला कधी शिकवला नाहीस. घरात खाणारी तोंडं होती, तुला गरजच पडली नाही.

आज पुन्हा त्याच पाकिटांपुढं उभा राहिलो. छोटं घेतलं की मी एकटा उरलो हे मान्य केल्यासारखं होतं. खरं सांगतो, हात पुढं होईना.

तेवढ्यात आपल्या शेजारच्या पद्माक्का आल्या. "अण्णा, एवढा काय इचार करालायसा?" मी सगळा हिशेब ऐकवला, तोही मोठ्यानं! त्या म्हणाल्या, "मग मोठंच घ्या की. निम्मं मला द्या. आमीबी दोघंच न्हवं का?"

पस्तीसला अर्धा किलो! तू असतीस तर टाळी दिली असतीस.

रविवारी त्या दोघांना पोहे खायला बोलावलंय. त्यांचा चातुर्मास चालू आहे, म्हणून कांदा घालणार नाही. मिठाचा अंदाज मात्र अजून चुकतोय, काय करू?

आणि एक शब्द देतो, सुमन. यापुढं भाव काढताना कुणी कितीही हसू दे, मी स्कूटरजवळ जाणार नाही. हिशेब पुरा होईपर्यंत आतच थांबेन.

तुझाच,
अहो