पाळीवरची नावं

२८ मार्च
इतिहासाचा तास. सर गाइडमधून लिहून देतात, आम्ही लिहून घेतो. "कारणे पाच, परिणाम चार." मी मागच्या बाकावर चक्क झोपले! सुट्टीत प्रकल्प करायचाय, 'आपल्या गावाचा इतिहास'. आमच्या गावाला कसला डोंबलाचा इतिहास? एक तलाव, दोन दुकानं आणि धान.

२ एप्रिल
बाबा म्हणाले, तलावाचं बकाराम आबाजींना विचार, त्यांच्याच वाडवडिलांनी तो बांधला. सकाळी गेले. आबाजी पंच्याऐंशीचे, पण रोज पाळीवरून फेरी मारतात. पाळ म्हणजे नुसता मातीचा बांध असं मला वाटायचं. पूर्वी म्हणे दर उन्हाळ्यात पाळीचे तुकडे घरटी वाटून दिलेले असत. ज्यानं त्यानं आपल्या तुकड्यावर माती घालायची. ते तुकडे आबाजींना अजून पाठ! काठी टेकवत सांगतात — "हे केशोरावचं. हे उदारामचं. आळशी होता लेकाचा, म्हून इथं खचली."
आणि खरंच तिथं खड्डा! मी हसले, मग अंगावर काटा आला. कोणा उदारामचा आळस अजून पायाखाली आहे.

९ एप्रिल
रोज जाते. "सन कोणता, आबाजी?"
"सन कायले पायजे तुले? माती कोनाची ते इचार."
तास कधी संपतो म्हणून घड्याळ बघणारी मी आता सकाळ कधी होते याची वाट बघते!

१३ एप्रिल
आज पाळीच्या शेवटच्या टोकाला पोचलो. तिथं तलाव सगळ्यांत खोल, पाण्याचा सगळा जोर तिथंच. "हे तुमच्या मोहल्ल्याचं," म्हणाले आणि परत फिरले. मी थांबले. नावं?
"नावं नाई माहीत, पोरी. बाकीच्याईचे बापानं शिकवले. इथं आला का तो नुसता मोहल्ला म्हने."
चाळीस नावं पाठ, आळशी उदारामसुद्धा! आणि आम्हा बौद्धांचं एकही नाही. मी फाडकन बोलले, "मग तुमचा इतिहास तुमच्यापाशीच ठेवा." उद्या जयंती. पताका लावायच्या होत्या, मी निघून आले.

२० एप्रिल
गेले नाही.

६ मे
आबाजी गेले. ऊन लागलं. चार दिवस ताप होता. एवढ्या उन्हात म्हातारा कुठं भटकत होता, असं सगळे म्हणतात. मी तेवीस दिवस तिकडे फिरकले नाही. त्या दिवशी माझी जीभ का झडली नाही!

७ मे
पलीकडच्या टोकाला रुक्माआजीकडे बसले होते. मोहल्ल्यात तेवढंच एक जुनं माणूस उरलंय. सहज म्हणाली, "बकाराम रोज येऊन राहिला होता माह्याकडे. तुमच्या तुकड्यावर कोन कोन होते, म्हने. मले कधी एक आठोये, कधी दोन. नाव भेटलं का भर उनात परत पाळीवर जाये, अन् तेथं उभा राहून घोके."
कोणती नावं, आजी?
"माही माय, भागरता... बाकीचे आता नाई येत."
त्यांनी लिहून घेतली?
"त्याले लिवता कोठं ये!"
म्हणजे माझ्यापायी फिरले. नावं मिळाली, आणि त्यांच्याबरोबरच जळली. रडू आवरत नाही. आईला काय सांगू, कळत नाही.

११ मे
प्रकल्पाची वही उघडली. मिटली.

१६ मे
पुष्पांजलीकाकू आल्या, आबाजींच्या सूनबाई. आमच्या मोहल्ल्यात पहिल्यांदाच. दारातच उभ्या राहिल्या. "मामाजी तापात काही नावं घेऊन राहिले होते. चार दिवस तेच ते. आमच्या घरचे कोनी नाईत. आता माह्या तोंडात बसले, जाऊनच नाई राहिले. तुमचे हायेत का, बाई?"
आणि एका दमात म्हणाल्या — भागरता, सुकरू, सोनकी, गोंदरू... अकरा! आत रुक्माआजी येऊन बसली होती, ती प्रत्येक नावाला "हाव, हाव" म्हणत रडली. काकू आत येऊन बसल्या, पाणी प्यायल्या.
अकराही लिहून घेतली. सन एकाचाही नाही. खाली बारावं नाव मी घातलं, बकाराम. आमच्याच तुकड्यावर.