दारं सुकेपर्यंत

ता. ७ ऑक्टोबर

चि. थोरल्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर शेजारच्या शिंपीणबाईचं, बोल माझे. ती मधूनमधून स्वतःची मतं घुसडते, तेवढी गाळून वाच.

वीस तारखेच्या रविवारी गाडी घेऊन येणार आणि बाबांना म्हाताऱ्यांच्या संस्थेत ठेवणार, असं कळवलंस. हे विचारलंस की बजावलंस, ते शिंपीणबाईलाही उमगलं नाही. परवा हे रस्ता चुकले, मला 'बाई' म्हणाले, सगळं खरं. पण पाऊस सरलाय. पावसात फुगलेली दारं दरवर्षी हेच उतरवतात, कडा रंध्याने तासून परत बसवतात. नातवंडांची नावं गेली, तरी सुतार तो सुतारच. रोज सकाळी दाराच्या कडेवरून अंगठा फिरवतात आणि अजून ओलं आहे म्हणतात. दारं सुकेपर्यंत तरी थांब.

सूनबाईला सांग, सासू अजून भांडण्याइतकी धड आहे.

तुझी आई


ता. १० ऑक्टोबर

ती. आईस,
शि. सा. न.

तुझ्या पत्रावर हसावं की चिडावं, कळेना. ज्यांना गॅस बंद करायचं आठवत नाही, त्यांच्या हातात तू रंध्याचं पातं देणार? हत्यारं आजच शिंपीणबाईंकडे ठेव. संस्थेतली जागा वीस तारखेपर्यंतच राखलेली आहे. बाबांच्या हातून तुला काही झालं, तर मी कोणाच्या तोंडाकडे बघू?

रागावू नकोस, आणि जपून राहा.

तुझा थोरला


ता. १३ ऑक्टोबर

चि. थोरल्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र उशिरा पोचलं. काल ह्यांनी पुढचं दार उतरवलं आणि मध्येच थांबले. दार ओट्यावर आडवं, चौकट उघडी, वारा थेट स्वयंपाकघरापर्यंत. रंधा हातात, पण पुढचं काही सुचेना. हे दार कोणाचं, असं मला विचारलं. आपलंच, म्हटलं, तर असे संतापले की रंधा माझ्यावर उगारला. शिंपीणबाई माणसं बोलवायला धावली, तिला मीच अडवलं. खोटं कशाला सांगू, तुझंच खरं, असं मनात येऊन गेलं.

काहीतरी करायचं म्हणून मी दाराचं एक टोक उचललं. तेही वाकडं. हे खेकसले, सरळ धर, नवीन आहेस का. मी म्हटलं, हो, नवीनच. तसा रंधा खाली आला आणि लाकडावर चालू लागला. साल निघत गेली, सोबत मला बोलणी. दिवेलागणीला दार चौकटीत बसलं. आता बोटाने लोटलं तरी मिटतं.

जेवताना म्हणाले, हात जड आहे तुझा, पण शिकशील, उद्यापासून कामावर ये. बायको होते तेव्हा एवढं कौतुक कधी वाट्याला आलं नव्हतं.

रविवारी जरूर ये, पोटभर जेव, पण गाडी रिकामी ने. या वयात मला पहिल्यांदा नोकरी लागलीय. मालकांनाच घेऊन जाऊ नकोस.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी आई