आधी पडी टाकणार

महाळुंगे, ता. ४ मार्च १९५७

चि. ज्योतीराम यास, रुक्मिणीअक्काचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र आलं आणि घात झाला. माणचे हिंदुराव, शालनचे वडील, सोयरिकीचं बोलायला ओसरीवर बसले होते. भाऊ किती छान लिहितो हे कळावं म्हणून मी पत्र मोठ्यानं वाचलं. त्यात तू लिहिलंयस, ‘सुट्टीला घरी आलो की दुसरं काही करणार नाही, आधी पडी टाकणार.’ हिंदुरावांचा चेहराच उतरला. म्हणाले, नोकरी लागली म्हणून बापाचं रान न कसता पड टाकणाऱ्याला आमी पोरगी देत न्हाई. चहा तसाच ठेवून गेले. मुलगी तुला पसंत, मला पसंत. हे कुठलं खूळ डोक्यात घेतलंस ते उलट टपाली कळव. जिवाला घोर लागलाय.

तुझी अक्का


पिंपरी, ता. ७ मार्च १९५७

ती. अक्कास, ज्योतीरामचा साष्टांग नमस्कार वि. वि.

अगं अक्का, पडी म्हणजे झोप. आमच्या कारखान्यात रातपाळीहून सुटलेला कुणी झोपतो म्हणत नाही, पडी टाकतो म्हणतो. मी जमिनीला फक्त पाठ लावणार होतो.

शब्द आला कुठून, म्हणून इथं पाळीतल्या सोबत्यांकडे चौकशी केली. कोंडाजी म्हणतो, पडतो म्हणून पडी, त्यात काय शोधायचं? खेडचे आबाजी मात्र म्हणाले, आपण सगळी शेतकऱ्यांची पोरं. रान दमलं की एक साल पड टाकतो, तसंच अंगाचं. म्हणजे हिंदुरावांनी शब्द बरोबर ओळखला, रान तेवढं चुकलं. त्यांना नीट समजाव. शालन सोडून दुसरी मुलगी बघायला मी येणार नाही.

माझ्यावरचा लोभ पड टाकू नकोस.

तुझा ज्योतीराम


महाळुंगे, ता. १८ मार्च १९५७

चि. ज्योतीराम यास, अनेक आशीर्वाद वि. वि.

हिंदुरावांना होळीच्या जेवणाला बोलावून तुझं पत्र वाचून दाखवलं. हसले नाहीत. म्हणाले, पोरगा शब्द फिरवणारा दिसतोय. पुरणपोळ्या खाऊन ते ओसरीवर जरा टेकले, ते दिवेलागणीलाच उठले. घोरण्यानं गोठ्यातले बैल बुजले होते. डोळे चोळत म्हणाले, वाईच पडी टाकली व्हती.

मी विचारलं, कुठल्या रानात? मग त्यांचं त्यांनाच हसू फुटलं. जाताना सांगून गेले, वैशाखातली तिथी काढा.

शालननं निरोप धाडलाय, सुट्टीला आल्यावर आधी माणला यावं, पडी मागनं.

लोभ जागता ठेव.

तुझी अक्का