चाकामागचा दगड

शिळफाटा, खोपोली
१७ जानेवारी १९४९

प्रिय इद्रिस,

चिडूनच लिहायला बसलोय, आधीच सांगतो. फ्रामजीशेटची ती लाल, दोन माणसांची विलायती गाडी परत माझ्या दारात येऊन बसलीय. घाट चढत नाही, तापते, कार्बोरेटरातून थुंकते. चार महिन्यांत प्लग बदलले, पॉइंट घासले, कार्बोरेटर इतक्यांदा धुतला की तेवढ्यात घरातली सगळी धोतरं धुऊन झाली असती. परवा शेट म्हणाले, तुझ्यापेक्षा टांगेवाला बरा. आणि तू तिकडे कर्जतला मामाच्या दुकानात तांदूळ मापतोयस! तुझा हात पान्याचा रं, मापाचा नाही. डोकं फिरतं माझं.

गणपतीच्या आधी तू तिची जुनीच टायमिंगची साखळी परत बसवलीस. सैल झालीय, नवी मागव, म्हणून दहादा बजावलंस. मी म्हटलं, वाजू दे, शेटला कमी ऐकू येतं. एक दात चुकला तरी झडपा भलत्या वेळी उघडतात, हे तूच मला शिकवलेलं. दुसऱ्या दिवशी गाडी खोकायला लागली, तेव्हा नागूच्या हॉटेलात चारचौघांत मी बोट तुझ्याकडे केलं. इद्रिसनं दात चुकवला, म्हणालो. तू सरळ इथं परत आलास. पाने पुसून पेटीत ठेवलेस, पेटी इथंच टाकलीस आणि गेलास. त्याचाच मला जास्त राग आला. भांडायचं होतंस ना!

माझं बोलणं कर्जतपर्यंत पोचलं आणि तुला कुणी गाडी उघडू देईना. बाजारात तुझ्या सफुरावहिनींनी आमच्या जनाला पाहून तोंड फिरवलं. घरी येऊन जनानं मला धारेवर धरलं. मी बायकोवरच खेकसलो.

काल वैतागून इंजिनाचं पुढचं झाकण काढलं. साखळी बसवताना दोन्ही दातेरी चाकांच्या खुणा जुळवून तू समोरच्या दोन कड्यांवर कानशीनं चरे मारलेस, ते ठाऊक होतं. चरे परत जागेवर येईपर्यंत हँडल फिरवत राहिलो, खांदा निखळायची वेळ आली. वरचा चरा चाकाच्या खुणेवर बरोब्बर. खालचा एक दात सरकलेला. म्हणजे तू नीटच बसवली होतीस. साखळी नंतर उडाली.

कधी उडाली तेही सांगतो. ते मला चार महिने ठाऊक आहे. गाडी जोडून तू घरी गेलास, त्या संध्याकाळी मी ती चढावर उभी केली, नाक घाटाकडे. ब्रेक धरत नव्हता, म्हणून गियर टाकून चाकामागे दगड लावला. ओलाच होता, निसटला. गाडी गियरमध्येच चार हात मागे गेली, इंजिन उलटं फिरलं, आत खाडकन वाजलं. मी इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. दगड परत लावला आणि गप्प बसलो.

आज सकाळी शेटला सगळं सांगितलं, नागूच्याच हॉटेलात. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे ओरडून सांगावं लागलं. दगड माझा, चूक माझी, इद्रिसची नाही, असं तीनदा. अख्ख्या शिळफाट्यानं ऐकलं. नवी साखळी मुंबईहून मागवलीय, पण ती मी बसवणार नाही. झाकण उघडं ठेवलंय, सरकलेला चरा तुझ्या डोळ्यांनी बघ. मग हवं तर थोबाडीत मार, पण ये. तुझी पेटी होती तिथंच आहे. मी अजून तिला हात लावलेला नाही.

तुझाच,
तोंड दाखवायला लाजणारा
सहदेव