खिडकीखालचा तेलाचा डाग

अहो,

पेंटर उद्या दहाला येतोय. हॉल आधी करून घ्या, रंगाचा वास जायला दोन दिवस लागतात आणि रविवारी आदितीला बघायला पावणं येणार. नवे पडदे कपाटात आहेत.

मी चिनूला घेऊन जयसिंगपूरला आईकडं चाललेय. सकाळी डबा घेताना माझ्याकडं न बघताच म्हणालात, "चार दिवस माहेरी जाऊन ये की." कळलं मला. दोन वर्षांची पोर अजून उभी राहत नाही, बोलत नाही, हे बघून तुमच्या बहिणीची सोयरीक मोडायला नको.

हॉलच्या खिडकीखाली भिंतीवर तेलाचा डाग आहे. पावणं येणार म्हणून काल मीच तो साबणानं घासत बसले. निम्मा गेल्यावर ध्यानात आलं. गेल्या महिन्यात चिनू पहिल्यांदा एकटी बसली ती तिथंच, तेल लावलेलं डोकं भिंतीला टेकून. मग मला घासवेना.

उरलाय तेवढ्यावर रंग मारू देऊ नका. पुढं सोफा ओढून ठेवा, कुणाला दिसणार नाही. लेकीला झाकलंत, तिथं भिंत झाकायला काय अवघड आहे?

भाग्यश्री