तर्लानची जीभ आणि रास्तीनबाईंचं घड्याळ

३ उर्दीबेहेश्त, केरमान, इराण
बालवाडीतून चिठ्ठी आली. नातीचे, आमच्या तर्लानचे, उच्चार जड आहेत म्हणे. जीभ नि ओठ नीट चालतात का ते तपासून घ्या. नाही चालले तर मेहर महिन्यात शाळा उघडतील तेव्हा नेहमीच्या पहिलीत घेणार नाहीत – वेगळी शाळा! साडेपाच वर्षांची पोर. रोज सकाळी चहाबरोबर मी तिला जुन्या क्रमिक पुस्तकांतल्या कविता शिकवतो. माझ्यामागून ओळ न् ओळ म्हणते. तिच्या जिभेत खोट? यात काहीतरी काळंबेरं आहे.

६ उर्दीबेहेश्त
तपासणी झाली. तपासणाऱ्या रास्तीनबाई तरुण, गोड बोलणाऱ्या – म्हणजे सावध राहायला हवं. कलुम्पेची, खजूर भरलेल्या बिस्किटांची, बशी पुढे केली. दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा घेतला. आतला खजूर चांगला होता, हेतू कळला नाही.

गाल फुगव. जीभ नाकाकडे ने. ओठांचा चंबू कर. मग हातात घड्याळ – "प-त-क, प-त-क, जमेल तितकं भरभर म्हण, बाळा."

तर्लानने माझ्याकडे पाहिलं. "आधी आगाजून."

आगाजून म्हणजे मी, तिचा आजोबा. शाबास. मीच शिकवलंय – दार असो की ताट, वडीलधाऱ्यांच्या पुढे जायचं नाही. मी म्हटलं, मागोमाग तिने. बाईंनी दोन कागदांवर लिहिलं. एका पोरीला दोन कागद कशाला?

७ उर्दीबेहेश्त
नवी कवळी टोचते. सूनबाई सेपीदे जेवताना माझ्या तोंडाकडे बघत बसते.

१० उर्दीबेहेश्त
सेपीदे स्वयंपाकघरात फोनवर कुजबुजत होती. "नाही हो रास्तीनबाई, अजून नाही सांगितलं. मनाला फार लागेल त्यांच्या." मला पाहून फोन ठेवला.

"कोण होतं?"

"माझी आई होती, आगाजून. चहा टाकू?"

सूनबाई माझ्याशी खोटं बोलली. दोघींनी ठरवून टाकलंय – पोरगी वेगळ्या शाळेत, आणि म्हाताऱ्याला शेवटी सांगायचं.

संध्याकाळभर मी शिकवायचो तो जुना वर्ग डोळ्यांपुढे. चाळीस मुलं, एक सूर, खिडकीत डाळिंबाची फांदी. एक मुलगा बोलताना अडखळायचा, कविता मात्र वाहत्या पाटासारखी म्हणायचा. तेव्हा कुणी घड्याळ लावत नसे. त्या कवितेची दुसरी ओळ काही केल्या आठवेना.

१३ उर्दीबेहेश्त
पुन्हा तपासणी. "आगाजून, आज तुम्ही जरा बाहेर बसाल?" – रास्तीनबाई. बसलो. कान दाराला.

आतून पतकपतकपतक – कबुतराने पंख झाडावेत तसं. हा आवाज आमच्या पोरीचा नव्हे! दुसरं कुणी पोर आत घेऊन हिचा निकाल त्याला देणार की काय? दार ढकललं.

आत तर्लानच. मला बघितलं आणि जीभ एकदम मंदावली – प... थ... क.

"का गं बाळा, आता तर छान म्हणत होतीस?" रास्तीनबाईंनी विचारलं.

"आगाजून हळू म्हणतात ना. त्यांच्या पुढे कसं जायचं? बेअदबी होते." मग माझ्याकडे वळून, "मला भरभर येतं, आगाजून. पण मी थांबते."

रास्तीनबाई हसल्या नाहीत. "ही पहिलीत जाणार, काळजी सोडा. तिची जीभ उत्तम आहे. ती तुमची नक्कल करते." मग दुसरा कागद माझ्या हातात दिला. "त्या दिवशी तुमचं बोलणं ऐकून मला शंका आली होती; आज हिचं एकटीचं ऐकून खात्री झाली. हा घरी नीट वाचा."

न वाचताच घडी करून खिशात घातला.

१४ उर्दीबेहेश्त
वाचला. वर माझं नाव. उच्चार जड, ओठांची डावी कड उतरलेली, मेंदूच्या डॉक्टरांना लगेच दाखवावे. सेपीदे गाडी काढते आहे. आज तिला काही विचारलं नाही.